उपेंद्ररावांच्या कोपराखालचं लाकूड

थर पहिला : कुंकू

दसऱ्याच्या सकाळी साडेदहाला सुधींद्रने राजाजीनगरमधल्या वर्कशॉपचं शटर अर्धं वर केलं, वाकून आत गेला, दिवा लावला आणि टेबलावरच्या गिटारवर त्याला कुंकू दिसलं.

दोन बोटं. उभी ओढलेली. वाळली नव्हती.

गिटार त्याची नव्हती. तिच्या मानेला दोऱ्याने कार्ड बांधलं होतं.

मालक : उपेंद्रराव, बसवनगुडी.
वाद्य : इलेक्ट्रिक गिटार, मलई रंग.
फिनिश : नायट्रो लॅकर. आतल्या बाजूला थिनर लावून पाहिलं, मऊ पडलं.
काम : उजव्या हाताखालच्या उघड्या लाकडावर पातळ पारदर्शक लॅकर, दोन हात. लाकडात घाम शिरतो आहे.
करायचं नाही : घासायचं नाही. जुना रंग भरायचा नाही. कडा सारख्या करायच्या नाहीत.
तयार : दिवाळीनंतर.

'करायचं नाही' याच्या खाली दोन रेघा. त्या उपेंद्ररावांनी स्वतःच्या पेनाने ओढलेल्या.

एकोणसत्तर वर्षांचा माणूस. विमानांच्या कारखान्यात नकाशे काढायची नोकरी केली आणि संध्याकाळी हॉटेलांतून, लग्नांतून, कुणी बोलावेल तिथे गिटार वाजवली. एकच गिटार. वाजवताना उजवा हात जिथे घासतो तिथला रंग आधी पातळ झाला, मग गेला, मग खालचं लाकूड उघडं पडलं. हातभर लांबीच्या पोटावर वीतभर झीज. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती, आणि कडेला मलई रंग इतका हळू विरत गेलेला की तो नेमका कुठे संपतो ते बोट ठेवून सांगता येऊ नये.

गिटार ठेवायला आले तेव्हा ते म्हणाले होते, "हे एवढं घासायला मला अडतीस वर्षं लागली, सुधींद्रा. तू हुशार आहेस, पाच मिनिटांत दुरुस्त करशील. म्हणून आधीच सांगतो."

सुधींद्रने शब्द दिला होता. लॅकर मारीन, झीज बदलणार नाही.

कुंकू नेमकं त्या झिजेच्या मधोमध होतं.

काल खंडेनवमी. सगळ्या बेंगळुरात आयुधपूजा, रस्त्यावर फोडलेले कोहळे, बसच्या नाकावर झेंडूच्या माळा. सुधींद्रची थोरली बहीण अनुसूया मागच्याच घरात राहते. वर्कशॉपमधली पूजा दरवर्षी तीच करते. लोखंडावर कोरडं कुंकू टिकत नाही म्हणून ती ते खोबरेल तेलात कालवते. कॉम्प्रेसर, स्प्रे गन, बफची मोटर, शिडी, तराजू, त्याची स्कूटर. चार वर्षांपूर्वी बफची मोटर पूजेत राहून गेली आणि तिसऱ्या दिवशी जळली, तेव्हा सुधींद्रनेच तिला बजावलं होतं की यापुढे एक वस्तू सोडायची नाही.

तिने सोडली नाही.

एरवी गिऱ्हाइकांच्या गिटारी आतल्या कपाटात टांगलेल्या असतात. ही एकटी बाहेर होती, पंख्याखाली. नऊ दिवसांपूर्वी लॅकर मारलं होतं, वास लवकर जावा म्हणून त्यानेच आणून ठेवली होती. आरतीच्या वेळी तो डोळे मिटून उभा होता.


थर दुसरा : नऊ दिवसांचं लॅकर

आयटीतली मुलं त्याला विचारतात, अण्णा, कोणतं फिनिश चांगलं. पुण्याची, नागपूरची मुलं. त्यांना तो एकच उत्तर देतो. पॉलिएस्टर म्हणजे काच. जाड, चकचकीत, पडली तर टवका उडतो, नाहीतर तुमच्या नातवापर्यंत तशीच. पॉलियुरेथेन म्हणजे रेनकोट. दोन बाटल्या मिसळायच्या, एकदा घट्ट झालं की विषय संपला, खालच्या लाकडाला बाहेर काय चाललंय ते कळत नाही. शेलॅक म्हणजे लाखेचं पॉलिश, जुन्या तंबोऱ्यावर असतं तसं, स्पिरिटचा थेंब पडला की रडतं.

आणि नायट्रो. गाड्यांच्या गॅरेजात म्हातारे रंगारी ज्याला ड्यूको म्हणायचे त्याच जातीचं. सुधींद्र त्याच गॅरेजातून आलेला. नायट्रो म्हणजे कातडी. पातळ असते, पिवळी पडते, थंडीने तडकते, माणूस जिथे टेकतो तिथून झिजते. तासाभरात हाताला कोरडी लागते पण आतून कित्येक आठवडे ओलीच असते. वरून दुसरा हात मारला तर तो खालच्यावर बसत नाही, खालच्याला विरघळवून त्यात मिसळतो. दोन हात राहत नाहीत, एकच होतो.

म्हणजे नऊ दिवसांच्या नायट्रोवर तुम्ही जे ठेवाल ते आत जातं.

त्याला हे माहीत होतं. आजवर हजार वेळा त्याने हे दुसऱ्यांना सांगितलं होतं.

तरी त्याच्या हाताने फडकं उचललं. तीस वर्षांची सवय. रंगावर काही सांडलं की फडकं, थिनर, एक झटका. डोक्याने थांब म्हणायच्या आत हात पुसून मोकळा झाला होता.

फडकं लाल झालं.

झीज गुलाबी झाली.

दोन बोटं होती तिथे आता तळहाताएवढा डाग होता. थिनरने लॅकर सोडवलं, लॅकरने कुंकवाचा रंग सोडवला आणि दोघे मिळून लाकडाच्या उघड्या रेषांत उतरले. त्याने फडकं टाकलं. हात मागे बांधले. ते पुन्हा पुढे येऊ नयेत म्हणून तो काही वेळ तसाच उभा राहिला.

पावणेअकरा.

फोन अकराला आला. उपेंद्रराव होते. दसरा आहे, म्हणाले, वाद्याचं तोंड बघायला येतो, न्यायला नाही. संध्याकाळी घरी सोनं म्हणून बन्नीची, शमीची पानं द्यायला भाचेमंडळी येतील, त्याआधी, तीनच्या सुमारास. सुधींद्रने आज वर्कशॉप बंद असल्याचं सांगून पाहिलं. बंद असेल तर फोन कुठून उचललास, असं त्यांनी विचारलं आणि ठेवून दिला.


थर तिसरा : मलई रंग

काय काय करता येईल.

एक. डागावर फिकट पिवळसर लॅकरचा फवारा मारायचा. गुलाबी झाकला जाईल. पण मग उघडं लाकूड उघडं दिसणार नाही, रंगवल्यासारखं दिसेल. नाही.

दोन. ब्लीच. लाकूड पांढरं पडेल आणि घामाचा करडेपणाही जाईल. नाही.

तीन. तसंच ठेवून सांगायचं.

चार.

चार नंबरचं काम तो आठवड्यातून दोनदा करतो. त्याचं घर त्यावर चालतं. पोरं नव्या कोऱ्या गिटारी घेऊन येतात आणि जुन्या करून मागतात. वीस वर्षं वाजवल्यासारखी कर अण्णा, चाळीस वर्षं वाजवल्यासारखी कर. तो नव्या लॅकरच्या गिटारी डीप फ्रीझरमध्ये ठेवून तडे पाडतो. ब्लेडने ओरखडे काढतो. चहाचं पाणी, बुटाचं पॉलिश, किल्ल्यांचा जुडगा. आणि वॉटर पेपरने, घासायच्या बारीक कागदाने, कोपराची झीज. रंगाची कड इतकी हळू विरवतो की बोट ठेवून सांगता येऊ नये.

बेंगळुरात हे त्याच्याइतकं चांगलं कुणी करत नाही. येलहंक्याहून एकजण येतो, तो स्वतः गिटारी विकतो, आणि तोही म्हणतो की मला फरक कळत नाही.

म्हणजे गुलाबी लाकूड घासून काढायचं, एक-दीड केस खोल. मग कडेचा मलई रंग थोडा मागे सारायचा, म्हणजे खड्डा जाणवणार नाही. मग चहाच्या पाण्याने घामाचा करडा रंग. मग दोन हात लॅकर. अडतीस वर्षं, चार तासांत.

आधी त्याने सराव केला. अशाच लाकडाची फळी होती, तिच्यावर याच मलई रंगाचं जुनं नायट्रो होतं. फळी पकडीत अडकवली, तीनशेवीस नंबरचा कागद बोटांना गुंडाळला आणि सुरुवात केली. मग सहाशे. मग हजार. कड विरत गेली. चहाच्या पाण्याचा बोळा, पुसणं, पुन्हा बोळा. दीड तास.

अनुसूया जेवायला बोलवायला आली आणि दारातच थांबली. तिने फळी पाहिली नाही. गिटार पाहिली.

"हे माझ्याने झालं?"

थोडं तुझ्याने, जास्त माझ्याने, असं तो म्हणाला. थिनरचं सांगितलं. तिने ते ऐकलं नसावं.

"लावायचं नाही म्हणून सांगितलं होतंस का मला?"

"नाही."

"वाद्य होतं समोर. नवमीला वाद्याला नाही लावायचं तर काय तुझ्या फडक्याला लावायचं?"

भांडणाचा सूर होता पण ती खाली बसली होती, लॅकरच्या रिकाम्या डब्यावर, गुडघे जवळ घेऊन. त्यांना मीच सांगते, असं म्हणाली. तो नको म्हणाला. मग त्याने तिला फळी दाखवली. गिटारच्या शेजारी धरली, डागाकडची बाजू कापडाने झाकून. काय करणार आहे ते चार वाक्यांत सांगितलं.

तिने फळीवर तळवा फिरवला.

"त्यांना कळणार नाही?"

"नाही."

"मग बरं."

हे दोन शब्द त्याला खटकले. तिच्या तोंडून ते फार सहज आले होते. त्याने फळी भिंतीला टेकवली. नवा कागद फाडला. गिटार दोन उशांमध्ये बसवली, दिवा खाली ओढला. पहिला घास कुठून घ्यायचा ते ठरवलं : रुंद टोकाकडून, रेषेच्या दिशेने.

कागद लाकडापासून बोटभर वर होता.

बाहेर रिक्षा थांबली. सुट्ट्या पैशांवरून कन्नडमध्ये घासाघीस सुरू झाली आणि त्यातला एक आवाज उपेंद्ररावांचा होता. अजून तीन वाजले नव्हते. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

सुधींद्रने गिटारवर चादर टाकली.


थर चौथा : घाम

ते वाकले नाहीत. शटर पूर्ण वर करायला लावलं आणि मग आत आले. पांढरा शर्ट, खिशात बन्नीची पानं. अनुसूयेला पानं देऊन नमस्कार केला, सुधींद्रला पानं देऊन पाठीत धपका घातला. तोंड का उतरलंय, म्हणाले, काल कोहळा फोडताना कुणाच्या काचेवर मारलास की काय.

तो हसला.

हसू टिकलं नाही. त्यांनी ते पाहिलं की नाही, कळलं नाही. ते स्टुलावर बसले आणि भाच्यांबद्दल सांगू लागले. एकाला कॅनडाला जायचंय, दुसऱ्याला घटस्फोट हवाय, आणि दोघांनाही मामाने काहीतरी सांगावं असं वाटतं. मी काय सांगणार, मी आयुष्यभर दुसऱ्याच्या मागे ताल धरला. सुधींद्र सरी, सरी म्हणत मान डोलावत होता. चादरीचं एक टोक टेबलावरून खाली लोंबत होतं आणि पंख्याने हलत होतं. त्याने त्यावर डबा ठेवला. डबा ठेवल्याबरोबर त्याला वाटलं की ठेवायला नको होता.

अनुसूया आपल्या हातातल्या पानांकडे बघत होती.

उपेंद्ररावांची नजर भिंतीकडे गेली. ते उठले. फळी उचलली. चष्मा कपाळावर सरकवून ती उजेडात तिरपी धरली, जवळ, मग लांब. मग अंगठ्याने झिजेच्या कडेवरून एकदा वरून खाली गेले. हळू.

वाजवणारा कोण आहे हा, असं त्यांनी विचारलं. हाताला जड दिसतोय. चांगला वाजवणारा आहे पण दाबून वाजवतो. हे गिटारचं पोट कापून ठेवलंस का? का कापली?

त्यांनी फळी पुन्हा उजेडात धरली.

"किती वर्षं वाजवली यानं?"

उत्तर सोपं होतं. तीस. पस्तीस. एक आकडा तोंडातून काढायचा, फळी त्यांच्या हातून घ्यायची, चादरीखालची गिटार अजून ओली आहे म्हणून सांगायचं, कॉफी पाजून पाठवायचं, आणि संध्याकाळपर्यंत काम पुरं करायचं. आत्ताच, त्याच्या डोळ्यांसमोर, जगातला एकमेव माणूस ज्याला फरक कळायला हवा होता तो परीक्षेला बसून नापास झाला होता. मार्ग मोकळा होता. 

"दीड तास," तो म्हणाला.

उपेंद्ररावांनी चष्मा खाली घेतला.

"आज सकाळी केली. मी. सराव म्हणून."

"कसला सराव?"

त्याने डबा उचलला. चादर काढली.

ते पुढे आले नाहीत. होते तिथूनच बघत राहिले, फळी हातात तशीच. मागे कुठेतरी मिरवणुकीचा ताशा वाजत होता, तो वाजून पुढे गेला. सुधींद्रने सगळं सांगितलं, क्रमाने, कार्डावर लिहावं तसं : गिटार बाहेर कुणी ठेवली, लॅकर किती दिवसांचं, कुंकू, तेल, थिनर, फडकं. थिनरचं वाक्य त्याने दोनदा म्हटलं.

"मी लावलं," अनुसूया म्हणाली. "त्याला ठाऊक नव्हतं."

"कुठलं तेल, अक्का?"

"खोबरेल."

त्यांनी मान हलवली, जणू दुसरं कुठलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. मग टेबलाशी आले. डागाला हात लावला नाही. डागाच्या भोवती, जिथे अजून लाकूड करडं होतं, तिथे हाताची मागची बाजू टेकवली. ताप बघतात तशी.

 सुधींद्र उभा होता. त्याला ओरडायला हवं होतं त्यांनी. गॅरेजात चूक झाली की उस्ताद पाना फेकून मारायचा, ते बरं होतं.

"या फळीसारखं करणार होतास."

"हो."

"मला कळलं नसतं."

"नाही."

"बेडा," ते म्हणाले. नको. आणि पुन्हा, स्वतःशीच, "बेडा." मग शर्टाच्या उजव्या बाहीचं बटण काढलं आणि बाही कोपराच्या वर दुमडू लागले. हात बारीक होता, आतल्या बाजूला केस नव्हते. त्याही बाजूने झिजलेला.

"कुठल्या नंबरचा कागद घेणार होतास?"

"तीनशेवीस."

"बांध माझ्या हाताला."


थर पाचवा : लाकूड

त्याने कागद त्यांच्या हाताला कोपराखाली गुंडाळला, खरखरीत बाजू बाहेर, आणि मास्किंग टेपने दोन ठिकाणी बांधला. टेप बांधताना धरलेल्या त्यांच्या मनगटाची नाडी बोटांना लागत होती. 

ते स्टुलावर बसले. गिटार मांडीवर. तारा सैल होत्या, लागलेल्या नव्हत्या. वायर नाही, आवाज नाही, नुसतं लाकूड आणि ढिल्या तारांची खरखर. त्यांनी पायाने चार मोजले आणि हात चालवला.

खाली, वर. खाली, वर.

सुधींद्र गुडघ्यांवर बसून टॉर्च धरून बघत होता. कागद लाकडावर चालत होता, पण डागावर नाही. दोन बोटं खाली. झिजेच्या खालच्या कडेवर, जिथे मलई रंग अजून होता तिथे.

"थांबा."

ते थांबले. त्याने दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलं, कोपर उचलायचा प्रयत्न केला, आणि ते मध्येच अडलं. खांदा, म्हणाले. तीन वर्षं झाली. आता हात याच्या वर जात नाही, म्हणून खालून वाजवतो. वाजवायला चालतं ते.

म्हणजे झीज त्यांचीच होती पण आताच्या हाताची नव्हती.

सुधींद्र म्हणाला की मग राहू दे, मी करतो.  भिंतीवरच्या खुंटीला कुणा पोराचा पट्टा टांगला होता त्याकडे त्यांनी बोट केलं. अनुसूयेने तो काढून दिला. ते उठून उभे राहिले. लग्नांत उभं राहूनच वाजवायचो, असं काहीसं पुटपुटले. पट्टा गळ्यात घातला, गिटार खाली सोडली, आणखी खाली, मांड्यांपर्यंत, आणि कंबर थोडी पुढे काढली. एकोणसत्तर वर्षांच्या माणसाला ते शोभत नव्हतं. अनुसूयेने तोंड वळवलं.

गिटार खाली गेल्यावर कोपर आपोआप झिजेच्या मधोमध आलं.

"मला दिसत नाही इथून," ते म्हणाले. "केव्हा थांबायचं ते तू सांग."

खाली, वर.

गुलाबी भुकटी उडाली. सुधींद्रने ती फुंकली. खाली, वर. लॅकर दहा-बारा फटक्यांत गेलं. मग लाकूड. कागद रेषेच्या दिशेने जात नव्हता, तिरपा जात होता, हात जसा फिरतो तशा कमानीत, आणि त्या कमानीत आधीच्या सगळ्या कमानी होत्या. तो बोटांनी हे कधी करू शकला नसता. खाली, वर. गुलाबी फिकट झालं. वरच्या टोकाला गेलं. रुंद भागात अजून होतं.

उपेंद्ररावांचा श्वास ऐकू येत होता. त्यांनी डोळे मिटले होते आणि ओठांनी मात्रा मोजत होते. टेपच्या वर, कोपराच्या आत, कातडी लाल झाली होती. सुधींद्रने ते पाहिलं आणि पुन्हा लाकडाकडे पाहिलं. झीज आता खोल होत होती. दिसायला नाही, पण टॉर्च आडवा धरला की सावलीची एक बारीक कड पडत होती. ती कड आणखी थोडी गडद झाली की तो खड्डा. मग ती झीज राहणार नाही.

खाली, वर.

गुलाबी सगळीकडून गेलं. एकीकडे राहिलं. लाकडाच्या एका रेषेत, केसाएवढं, नखभर लांब. आत शिरलेलं. आणखी वीस फटके. कदाचित दहा. सावलीची कड आत्ताच दिसत होती. त्याला वाटलं, पाच चालतील. पाच झाले. रेघ तशीच. तो आणखी पाच म्हणणार होता.  त्याने शब्द दिला होता, त्या शब्दाचं जे काही उरलं होतं ते आता त्या पाच फटक्यांत होतं, आणि ते मारणारा माणूस डोळे मिटून होता.

"बस."

हाताने चालू मात्रा पुरी केली आणि तो थांबला.

"गेलं?"

"नाही. एक रेघ आहे. काढायला गेलो तर खड्डा पडेल."

उपेंद्रराव धापा टाकत होते. त्यांनी पट्टा काढला नाही, वाकून पाहिलंही नाही. डाव्या हाताने टेपचं टोक शोधू लागले. सुधींद्रने उठून टेप सोडवली. कागद निघाला, त्याच्याबरोबर थोडी सालही.

"वाजवताना माझा हात त्याच्यावरच असणार," ते म्हणाले. "मला कुठे दिसतेय ती. तुलाच दिसेल."

"हो."

"मग लाव लॅकर."

आज नाही, सुधींद्र म्हणाला. आज भुकटी खाली बसू दे. उद्या सकाळी पहिला हात, परवा दुसरा. मग आत, कपाटात, किल्ली माझ्या खिशात.

"आणि किती दिवस?"

"चाळीस."

"तोवर?"

"तोवर हात लावायचा नाही. कुणीही नाही."

"मीसुद्धा?"

"तुम्हीसुद्धा."

 त्यांनी पट्टा मानेवरून काढला आणि गिटार त्याच्या दोन्ही हातांत दिली.